पहूर ते सुरत : घरची बोली आणि शाळेची भाषा

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत धर्मग्रामाच्या वाटचालीची हकीकत इतर लेखक सांगतीलच. आम्हीं येथें निराळ्या एका इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे. पोटासाठीं गांव सोडणाऱ्या खानदेशी कुटुंबांच्या मुलांस शाळेंत किती भाषांचे उंबरे ओलांडावे लागले, आणि त्यांतील कोणत्या उंबऱ्यावर कोण अडखळून मागें राहिलें, हा तो इतिहास होय. ज्यांचा एखादा भाऊ, मुलगा अगर जांवई सुरतेस, उधन्यास किंवा उसाच्या फडावर गेलेला नाहीं, अशीं घरें आपल्यांत फार थोडीं असतील. सबब हा विषय परका समजूं नये, अशी वाचकांस आरंभींच विनंति आहे.

आपलें पहूर वाघूर नदीच्या कांठीं, जळगांवहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेलें आहे. पेठ व कसबे अशीं त्याचीं दोन अंगें. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी छोटी गाडी, जिला सर्व लोक 'पीजे' म्हणत, ती येथें थांबत असे. ती आतां बंद झाली आहे. परंतु रस्त्यानें व रुळानें जशीं माणसें आलीं, तशा त्यांच्या बोलीही आल्या. बाजाराच्या दिवशीं कान देऊन ऐकावें, म्हणजे आपल्या भागाची तावडी, पश्चिमेकडून आलेली अहिराणी, तांड्यावरची गोरमाटी, तडव्यांची बोली आणि मुसलमान बांधवांची उर्दू, ह्या सर्व एकाच ओट्यावर भाव करितांना आढळतात. बाजारांत ह्यांतील कोणतीही बोली हलकी ठरत नाहीं. ज्यास माल घ्यावयाचा तो दुसऱ्याचें बोलणें समजून घेतो. तींच माणसें शाळेच्या दारांत गेलीं कीं मात्र त्यांच्या बोलींची प्रतवारी लागते. असें कां व्हावें, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

इ. स. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजी अमलाखालीं आला. पुढें मुंबई इलाख्यांत सरकारी शाळा निघूं लागल्या, तेव्हां क्रमिक पुस्तकांसाठीं ठराविक स्वरूपाची एक मराठी लागली. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. त्यांचे सहकारी मेजर कँडी यांनीं पुढें सरकारी भाषांतरकार ह्या नात्यानें शालेय पुस्तकांच्या भाषेस वळण लाविलें. ह्या भाषेचा आधार मुख्यत्वें पुण्याकडील सुशिक्षितांच्या बोलण्याचा होता. त्यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. छापील पुस्तकास कोणतें तरी एक रूप द्यावेंच लागतें. परंतु परिणाम असा झाला कीं पुण्याच्या मुलास घरचीच भाषा शाळेंत भेटली, आणि जामनेर तालुक्यांतील मुलास शाळेंत पाऊल टाकतांच आपलें घरचें बोलणें चुकीचें आहे असें कळलें. आपल्याकडे 'डोळा' यास 'डोया' व 'केळी' यांस 'केयी' म्हणतात. मुलानें पाटीवर 'डोया' लिहिला कीं त्यावर फुली पडते. धुळें-अंमळनेराकडील अहिराणी मुलाची अडचण ह्याहून मोठी. तो 'मला' ह्याऐवजीं 'माले' व 'माझा' ह्याऐवजीं 'मना' म्हणतो. त्याचे विभक्तीचे प्रत्ययच निराळे. जें मूल घरीं आजीस गोष्ट रंगवून सांगतें तें वर्गांत मुकें होतें, आणि मास्तर त्यास मठ्ठ समजतात. अशा रीतीनें पहिली विषमता गांव सोडण्यापूर्वींच, स्वतःच्या जिल्ह्यांतच सुरू होते.

विद्वानांनीं ह्या बोलींचा विचार निराळ्या दृष्टीनें केला. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणींतील नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत खानदेशीची गणना मराठींत न करितां भिल्ली बोलींच्या शेजारीं केली आहे, आणि तिचें नातें गुजराथीकडे जुळविलें आहे. मराठीचा तिच्यावर पडलेला ठसाही त्यांत दाखविला आहे. हें मत सर्वांस मान्य नाहीं, परंतु आमच्या विषयापुरतें त्यांतून एक गोष्ट निघते. आमची बोली ही दोन मोठ्या भाषांच्या मधल्या वाटेवरची आहे. आणि वाटेवरच्या माणसास दोनही गांवें आपलीं म्हणत नाहींत, तसें तिचें झालें. २०११ च्या जनगणनेंत खानदेशी बोलणारे १८ लाख ६० हजारांवर व भिल्ली बोली बोलणारे १ कोटी ४ लाखांवर नोंदले गेले. बंजाऱ्यांची बोली मात्र सरकारी कोष्टकांत हिंदीच्या पोटांत घातली जाते. जी बोली कोष्टकांतच दिसत नाहीं, तिच्यासाठीं पुस्तक छापावें किंवा शिक्षक नेमावा असें कोणास सुचावें कसें?

ह्या बोली मोठा विचार पेलूं शकत नाहींत, असें कोणी म्हणेल तर त्यास आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचें उदाहरण पुरेसें आहे. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांनीं आपल्या घरच्या बोलींत रचलेलीं गाणीं त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालीं, आणि साऱ्या महाराष्ट्रानें तीं डोक्यावर घेतलीं. जळगांवचें विद्यापीठ १९९० सालीं स्थापन झालें. २०१८ सालीं त्यास ह्याच कवयित्रीचें नांव देण्यांत आलें. विद्यापीठास जिचें नांव शोभतें, तिच्या बोलीचा शब्द पहिलीच्या वर्गांत मात्र चूक धरला जातो, ही विसंगति विचारी वाचकांच्या ध्यानांत आल्याशिवाय राहणार नाहीं.

आतां सीमेकडे वळूं. पहूरहून अजिंठ्याच्या वाटेनें थोडें गेलें कीं पूर्वीं राज्यच बदलत असे. फर्दापूर, सोयगांव, अजिंठा हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत होता. तेथें प्रजेच्या घरीं तेलुगू, मराठी व कानडी ह्या भाषा. परंतु माध्यमिक शिक्षण उर्दूंतून चाले, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. पूर्व खानदेशांतील सरकारी शाळा मराठी. म्हणजे एखादें शेतमजुराचें कुटुंब दुष्काळांत घाटावरून खालीं उतरलें, तर पीक तेंच, सण तेच, सोयरेही तेच. पण मुलाची शाळेची भाषा मात्र एका दिवसाच्या पायवाटेवर बदलून जाई. ज्याच्या घरीं शिकवणी ठेवण्याची ऐपत होती त्याचा मुलगा दोनही भाषा शिकून वकील होई. ज्याची नव्हती त्याचा मुलगा गुरें वळी. भाषेची अडचण दोघांस सारखीच होती, पण ती ओलांडण्याचें साधन सारखें नव्हतें. आमच्या मतें ह्या साऱ्या प्रश्नाचें मूळ येथेंच आहे.

दुसरी सीमा पश्चिमेची. डांगी लोकांची बोली मराठीची कीं गुजराथीची, ह्यावर स्वातंत्र्यानंतर मोठा वाद माजला. १९४९ सालीं मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांनीं डांगला भेट दिली, तेव्हां तर तो वाद अधिकच पेटला. १९५६ सालीं द्वैभाषिक मुंबई राज्य झालें व १ मे १९६० रोजीं त्याचीं दोन राज्यें झालीं. डांग गुजराथकडे गेला. पश्चिम खानदेशच्या कडेचीं कांहीं गांवेंही तिकडे गेलीं. तेथील शाळांची भाषा गुजराथी झाली. ह्या लोकांनीं घर सोडलें नव्हतें, बैलगाडी जुंपली नव्हती. सीमाच त्यांच्या अंगणांतून पुढें सरकली. दोन्ही पक्षांचे विद्वान डांगी बोली आपल्या भाषेची शाखा आहे असें हिरीरीनें सिद्ध करीत होते. परंतु डांगी मुलास पहिलें पुस्तक डांगींत द्यावें, हा विचार त्या वादांत मागेंच राहिला.

आतां सुरत. सुरतेपासून अंमळनेरापर्यंत येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली व पुढें ती जळगांवास जोडली गेली. तेव्हांपासून खानदेशचा कापूस त्या रुळांवरून पश्चिमेकडे गेला. पुढें माणसेंही गेलीं. खानदेशांतील कापडाच्या गिरण्यांचा धंदा गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत बसला, कोरडवाहू शेतीवर दोन भावांचें भागेना, आणि सुरतेंत यंत्रमाग, साड्यांची रंगाई-छपाई, भरतकाम व हिऱ्यांस पैलू पाडण्याचे कारखाने वाढत होते. उधना, लिंबायत, डिंडोली ह्या वस्त्यांतून आज फिरलें तर अहिराणी बोलणाऱ्यास वाट विचारण्यासाठीं दुसरी भाषा लागत नाहीं.

ह्या शहरानें एक गोष्ट चांगली केली, ती निःसंकोचपणें सांगितली पाहिजे. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराथी, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. गंजामहून आलेला उडिया मागवाला असो कीं पारोळ्याहून आलेला खानदेशी, त्याच्या मुलास अक्षरओळख आपल्या प्रांताच्या भाषेंत करून घेतां येते. हिंदुस्थानांतील फार थोड्या शहरांनीं एवढें केलें आहे. आमच्या कित्येक कुटुंबांचीं मुलें ह्या मराठी शाळांतून शिकून पुढें गेलीं, ह्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करणें हें आमचें कर्तव्य आहे.

परंतु प्राथमिक शाळेचें दार ओलांडल्यावर पुढें काय? मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळा प्राथमिक शाळांच्या मानानें थोड्या. महाविद्यालयांत गुजराथी किंवा इंग्रजी. सरकारी कचेरींत गुजराथी अर्ज. तलाठ्याच्या परीक्षेस गुजराथी. मराठी शाळेंत शिकलेला मुलगा चौदा वर्षांचा झाला कीं त्यास शिरोरेघ नसलेली नवी लिपि व परकें व्याकरण घेऊन पुढच्या वर्गांत बसावें लागतें, नाहीं तर मागावर उभें राहावें लागतें. दुसरा मार्ग म्हणजे आरंभापासूनच गुजराथी शाळा. पण बापाचें काम सुटलें अगर गांवीं आजा आजारी पडला, आणि कुटुंब परत पहूरास आलें, तर सहावीचा मुलगा मराठी वाचनांत दुसरीच्या मुलाहूनही मागें पडतो. असे दाखले घेऊन येणारे आईबाप आम्हीं पाहिले आहेत. मुलगा हुशार आहे, गणितें तोंडीं करितो. परंतु गणिताचा प्रश्न वाचतांच येत नाहीं म्हणून नापास होतो. बुद्धीच्या परीक्षेंत तो नापास झालेला नाहीं; बापाच्या मजुरीच्या ठिकाणानें त्यास नापास केलें आहे.

तिसरा मार्ग इंग्रजी माध्यमाचा. त्याकडे लोकांचा ओढा फार आहे, आणि त्याबद्दल आईबापांस दोष देणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. दोन राज्यांत पाय असलेल्या मनुष्यास दोनही ठिकाणीं चालणारें नाणें हवें असतें, व इंग्रजी तसें नाणें आहे असें तो समजतो. मात्र स्वस्त फीच्या इंग्रजी शाळांत पुष्कळदां मुलें धडे पाठ करितात आणि अर्थ कोणत्याच भाषेंत उमगत नाहीं. श्रीमंताच्या घरीं इंग्रजी पुस्तकें, शिकवणी, बोलणारीं माणसें असतात. मागवाल्याच्या खोलींत तीं नसतात. म्हणून एकच माध्यम घेऊनही दोघांचें फळ निरनिराळें येतें.

ह्या स्थितींत दोनही राज्यांनीं आपापल्या भाषेसाठीं कायदे केले. महाराष्ट्रानें २०२० सालीं सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. गुजराथच्या विधानसभेनें २८ फेब्रुवारी २०२३ रोजीं पहिली ते आठवीपर्यंत गुजराथी सक्तीची करणारा कायदा एकमतानें संमत केला. राज्याची भाषा तेथें राहणाऱ्या प्रत्येक मुलास यावी, ही अपेक्षा अन्यायाची नाहीं. उलट ती न शिकविणें हाच गरीब मुलावर अन्याय होईल, कारण त्या भाषेवांचून त्यास कचेरी, दवाखाना व नोकरी हीं बंदच राहतात. पण सक्ती शाळेवर केली म्हणजे मूल शिकतेंच असें नाहीं. मधल्या वर्गांत येणाऱ्या मुलास पहिल्या सहा महिन्यांत ती भाषा कोण शिकविणार, हा प्रश्न तसाच राहतो. खुद्द महाराष्ट्रांत १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयानें पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची झाली, त्यावर रान उठलें, आणि २९ जूनला सरकारनें आपले निर्णय मागें घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्याचें जाहीर केलें. त्या वादांत मराठी, हिंदी व इंग्रजी ह्यांचे कैवारी पुष्कळ बोलले. पावरी, गोरमाटी अगर अहिराणी बोलणाऱ्या मुलास 'पहिली' म्हणून गणलेली मराठी हीच मुळांत दुसरी भाषा आहे, हें सांगणारे आवाज फार क्षीण होते.

भाषेच्या जोडीला दाखल्याचा प्रश्न येतो. अनुसूचित जातिजमातींच्या याद्या राज्यवार असतात. एका राज्यांतील मनुष्य दुसऱ्या राज्यांत राहावयास गेला तर त्यास जन्मगांवच्या यादीवरून तेथील सवलत मिळत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालीं एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रकरणांत दिला. त्यामुळें साक्री किंवा नवापुराकडील भिल्ल कुटुंब सुरतेस गेलें कीं भाषेचा आधार जातो आणि शिष्यवृत्तीचाही जातो. विषमता अशी एकीवर एक रचत जाते.

ज्यांचें स्थलांतर वर्षभराचें असतें त्यांची ही कथा. ऊसतोड मजुरांची ह्याहून कठीण. मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं, ज्यांस 'कोयता' म्हणून मोजतात, दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात व उन्हाळ्याच्या आरंभीं परततात. कोणी नगर-सांगली-कोल्हापुराकडे, कोणी बारडोलीकडे, कोणी बेळगांवच्या कानडी मुलखांत जातात. मुलाचें नांव जूनमध्यें पटावर चढतें, अर्धें वर्ष तें फडावर कोपींत काढतें, लहान भावंड संभाळतें, वाढे गोळा करितें, आणि परीक्षेच्या वेळीं परत येतें. नगर जिल्ह्यांत उतरलेल्या टोळीच्या मुलास निदान शेजारच्या शाळेचा फळा वाचतां येतो; बारडोलीच्या किंवा बेळगांवच्या फडावर तोही परका. साखर कारखान्यांच्या आवारांत ह्या मुलांसाठीं साखरशाळा निघाल्या होत्या. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आल्यावर, अशा मुलांस जवळच्या नियमित शाळेंत बसवावें अगर गांवींच हंगामी वसतिगृहांत ठेवावें, असें धोरण आलें. मुलासोबत शिक्षण हमी कार्ड देण्याचीही पद्धत पडली. योजना चांगल्या आहेत. पण कार्डावरचा मजकूर बारडोलीच्या मास्तरांस कोणत्या भाषेंत वाचतां येईल, हें योजकांनीं फारसें पाहिलेलें दिसत नाहीं.

येथवर आम्हीं इतरांनीं आपल्यांशीं कसें वागावें हें सांगितलें. आतां बाजू पालटून पाहूं. यावल-रावेरच्या केळीच्या बागांत व आपल्या भागांत कापूस वेंचण्यास सातपुड्यांतून पावरा व बारेला कुटुंबें येतात. तीं शेताच्या बांधावर पाल ठोकून राहतात. त्यांचीं मुलें आपल्या शाळेंत आलींच, तर आपण त्यांस काय म्हणतों? 'ह्यांस बोलतां येत नाहीं.' त्यांस उत्तम बोलतां येतें. आपणांस तें समजत नाहीं, एवढेंच. सुरतेच्या शाळेंत आमच्या मुलास मागच्या बांकावर बसविलें तर आम्हांस राग येतो, आणि पहूरच्या शाळेंत पावरा मुलास मागें बसविलें तर तें आम्हांस दिसतही नाहीं. जो न्याय आपण ताप्तीच्या मुखाशीं मागतों, तोच वाघूरच्या कांठीं देण्यास आपण बांधलेले आहों.

न्याय म्हणजे काय, ह्याविषयीं एक परदेशचा दाखला उपयोगी पडेल. अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतील चिनी मुलांस इंग्रजी येत नसतां इंग्रजी शाळेंत तसेंच बसविलें होतें. शाळेचें म्हणणें असें कीं, सर्वांस तींच पुस्तकें, तेच शिक्षक व तोच अभ्यासक्रम दिला आहे, मग पक्षपात कोठें झाला? १९७४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें 'लाउ विरुद्ध निकोल्स' ह्या खटल्यांत असा निकाल दिला कीं, ज्यास भाषाच कळत नाहीं त्यास तींच पुस्तकें देणें म्हणजे समान वागणूक नव्हे. त्यास शिक्षणापासून दूरच ठेवणें होय. आपल्याकडेही कायद्यांत ह्याची जाणीव आहे. १९५६ सालीं राज्यघटनेंत ३५० अ हें कलम घालण्यांत आलें. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळावें, यासाठीं राज्यांनीं प्रयत्न करावा असें तें सांगतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांतही माध्यम शक्यतों मुलाची मातृभाषा असावें असें म्हटलें आहे. ह्या 'शक्यतों' शब्दाच्या आडोशास पुष्कळ वर्षें निघून गेलीं. युनेस्कोच्या तज्ज्ञांनीं १९५३ सालींच प्रतिपादिलें होतें कीं मुलास वाचनाचा आरंभ मातृभाषेंत करून द्यावा. आणि पहिली भाषा पक्की झाली म्हणजे दुसरी चटकन् येते, हा अनुभव शिकविणाऱ्या पुष्कळांचा आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासांतही ह्या विषयाचे दोन दाखले आहेत, एक लाजेचा व एक समाधानाचा. गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं सतराव्या शतकाच्या आरंभीं मराठींत पुराण रचिलें व कोंकणीचें व्याकरण लिहिलें. त्याच गोव्यांत १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट आल्व्होर यांनीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढिला. आणि त्यास धर्माधिकाऱ्यांतीलही कांहींचा पाठिंबा होता. कोंकणी त्यानें मेली नाहीं, परंतु पोर्तुगीज येणारा व न येणारा अशी भिंत मात्र गांवागांवांत उभी राहिली. उलटपक्षीं, १९५२ सालीं पोप बारावे पायस यांनीं स्थलांतरितांविषयीं काढलेल्या पत्रांत, परमुलखांत गेलेल्या श्रद्धावंतांची सेवा त्यांच्याच भाषेच्या धर्मगुरूंकडून व्हावी, असें ठरवून दिलें. प्रार्थनेच्या बाबतींत जें योग्य ठरलें, तें अक्षरओळखीच्या बाबतींत अयोग्य कसें ठरेल?

ह्यावर एक आक्षेप येतो, व तो खोटा नाहीं. एका वर्गांत चाळीस मुलें व पांच बोली असतां एकट्या शिक्षकानें करावें तरी काय? प्रत्येक बोलीची स्वतंत्र शाळा काढणें कोणत्याही सरकारास शक्य नाहीं. आणि तसें केलें तर मुलें एकमेकांपासून दूर होतील, हें भयही रास्त आहे. आमचें मागणें एवढें मोठें नाहीं. पहिल्या दोन वर्षांत मुलानें आपल्या बोलींत उत्तर दिलें तर तें चूक धरूं नये. 'डोया' पुसून टाकण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं 'डोळा' लिहून दाखवावा. बोलीकडून प्रमाण भाषेकडे मुलास हातीं धरून न्यावें. ह्यास पैसा लागत नाहीं, मनाची तयारी लागते. मधल्या वर्गांत परराज्यांतून आलेल्या मुलासाठीं मात्र रोज तासभर निराळी शिकवणी हवी, आणि तिच्यासाठीं माणूस लागेल.

तें माणूस आपल्यांतूनच निघूं शकेल. सुरतेस राहून परतलेल्या कित्येक सुना व मुली गुजराथी व मराठी दोनही वाचतात. तांड्यावरचे शिकलेले तरुण गोरमाटी व मराठी दोनही जाणतात. ज्या मुलखांत साने गुरुजींनीं अंमळनेरच्या शाळेंत मुलांस शिकविलें, आणि पुढें प्रांताप्रांतांनीं एकमेकांच्या भाषा शिकाव्या म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली, त्या मुलखास हें काम जड जाऊं नये.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आमची वाचकांस तीन गोष्टींची विनंति आहे. पहिली, जें कुटुंब गांव सोडून जाईल त्यानें मुलाचा दाखला व हमी कार्ड बरोबर न्यावें. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून सरकारी अगर अनुदानित शाळेस प्रवेश नाकारतां येत नाहीं, असें २००९ च्या कायद्याच्या पांचव्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे, हें प्रत्येक बापास ठाऊक असावें. दुसरी, सुरतेस राहणाऱ्यांनीं मुलांस गुजराथी अवश्य शिकवावी, पण घरीं आपली बोली बोलण्यास लाजूं नये, आणि आठवड्यांतून कांहीं वेळ मराठी वाचून घ्यावें, म्हणजे परतीची वाट खुली राहील. तिसरी, ज्यांस दोन भाषा वाचतां येतात त्यांनीं, कोणत्याही धर्माच्या व जातीच्या अडलेल्या मुलासाठीं, संध्याकाळचा एक तास द्यावा. जागा व दिवाबत्ती यांची सोय धर्मग्रामाकडून करण्यास आम्ही तयार आहों. शिकविणाऱ्यांनीं आपलीं नांवें आम्हांस येऊन सांगावीं. पुढच्या जूनमध्यें शाळा उघडतील तेव्हां पावरा, बंजारा व सुरतेहून परतलेलें मूल एकाच सतरंजीवर बसून वाचतांना दिसावें, एवढें झालें तरी ही ज्युबिली सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.